आधी फुकटची छत्री, मग ॲप: गावातल्या घरासाठी टीव्हीचा खर्च कसा बसवायचा

टीव्ही घ्यायला तालुक्याला गेलं की दुकानदार त्यासोबत एक डिश, एक रिचार्ज आणि वर एखादं ॲप गळ्यात घालतो. घरी आल्यावर लक्षात येतं की यातल्या प्रत्येकाचे पैसे महिन्याच्या महिन्याला जाणार. शेतीच्या घराला हीच गोष्ट जड जाते. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगंमागं येतो, कापसाचा वेचणी होईल तसा, तुरीचा त्यानंतर. जून-जुलैत बियाणं, खत, निंदण यांच्यापायी पैसा नुसता बाहेर जातो. महिन्याला कापली जाणारी वर्गणी या घरासाठी आखलेलीच नाही. म्हणून क्रम उलटा लावा. ज्याला महिन्याचा पैसा लागत नाही ते आधी नीट बसवा आणि पैशाचं जे आहे ते हंगाम पाहून, एका वेळी एकच घ्या.

टीव्हीचं लायसन लागतं का?

आपल्या देशात लागत नाही. १९८५ पर्यंत रेडिओला आणि टीव्हीलाही परवाना लागायचा, तो पोस्टातून मिळायचा आणि दरवर्षी पैसे भरून नवा करावा लागायचा. त्या वर्षी ही फी रद्द झाली. आज कोणी दारात येऊन किंवा फोनवर ‘टीव्हीचं लायसन भरा’ म्हणालं तर ती सरळसरळ फसवणूक आहे.

मग दूरदर्शन चालतं कशावर? दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीला केंद्र सरकारचं अनुदान मिळतं, जाहिरातींचे पैसे मिळतात आणि फ्री डिश या दूरदर्शनच्या बिनभाड्याच्या छत्रीवरच्या जागांचा लिलाव करून खासगी वाहिन्यांकडूनही उत्पन्न येतं. म्हणजे आपण ही फी करातून आधीच भरलेली आहे. भरलेलं वापरायचं नाही आणि त्याच बातम्यांसाठी वेगळं रिचार्ज मारायचं, हे वर्षानुवर्षं अनेक घरांत चालू आहे.

इंग्लंडमध्ये परवाना अजून आहे, आणि मुलगा-मुलगी तिकडे शिकायला जाणार असेल तर हे जाण्याआधी सांगून ठेवा. २०२५-२६ साली एका घराला वर्षाचे १७४.५० पौंड होते. कुठल्याही वाहिनीचं थेट प्रक्षेपण पाहायचं असेल, मग ते मोबाइलवर का असेना, किंवा बीबीसीचं आयप्लेअर वापरायचं असेल, तर परवाना लागतो. विनापरवाना पाहणं हा तिथे गुन्हा आहे. फक्त नेटफ्लिक्ससारख्या ॲपवर आधीपासून ठेवलेली मालिका पाहिली तर लागत नाही. जर्मनीत गोष्ट आणखी वेगळी: तिथे टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घराला महिन्याला १८.३६ युरो भरावे लागतात. खोलीत चार विद्यार्थी असतील तर घर एक धरून एकदाच.

आधी कागदावर हिशोब

एका घरात डीटीएचचा साधारण ३०० रुपयांचा पॅक, नेटफ्लिक्सचा १९९ रुपयांचा बेसिक प्लॅन आणि ॲमेझॉन प्राइमची १,४९९ रुपयांची वार्षिक वर्गणी आहे असं धरू. वर्षाचे ३,६०० अधिक २,३८८ अधिक १,४९९, म्हणजे ७,४८७ रुपये. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावानं हे सुमारे १४० किलो सोयाबीन झालं. बाजारात हमीभावापेक्षा कमी मिळालं तर आणखी जास्त. इंटरनेटचा खर्च यात धरलेलाच नाही.

हा आकडा दाराच्या मागे लिहून ठेवा. मग घरातला प्रत्येक जण आठवड्यात खरंच काय पाहतो ते पंधरा दिवस नोंदवा. बहुतेक घरांत बातम्या, एक-दोन मालिका, जुने सिनेमे आणि क्रिकेट एवढंच निघतं. यातलं बरंचसं फुकट मिळतं.

डीडी फ्री डिश: एकदाच खर्च

दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ पासून चालू आहे. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही. डीडी सह्याद्री, डीडी किसान, डीडी स्पोर्ट्स, बातम्यांच्या आणि सिनेमांच्या खासगी वाहिन्या, आकाशवाणीही मिळते. क्रिकेटचं विशेष सांगण्यासारखं आहे. २००७ च्या कायद्यामुळे राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या सामन्यांचं चित्रण खासगी कंपनीला प्रसार भारतीला द्यावं लागतं. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-२० सामने त्यात येतात, आयपीएल येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये ठरवलं की हे चित्रण दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दिसावं. त्यामुळे शेजारच्या पैशाच्या डीटीएचवर दूरदर्शन असूनही सामना दिसत नाही आणि तुमच्या फुकटच्या छत्रीवर दिसतो.

घरावरची जुनी काड्यांची अँटेना मात्र आता कामाची नाही. दूरदर्शननं जमिनीवरचे जुने ॲनालॉग प्रक्षेपक २०२२ पर्यंत जवळपास सगळे बंद केले.

लागणारं सामान: ६० किंवा ६५ सेंटिमीटरची डिश, एक युनिव्हर्सल केयू-बँड एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावर बसणारं, सिग्नल पकडणारं यंत्र), आरजी-६ केबल, केबलच्या टोकांना लावायचे दोन एफ-कनेक्टर, एमपीईजी-४ सेट-टॉप बॉक्स. सगळं मिळून साधारण दीड ते दोन हजार रुपये. बॉक्स घेताना ‘एमपीईजी-४’ हा शब्द पाहूनच घ्या. स्वस्तात मिळणारा जुना एमपीईजी-२ बॉक्स काही वाहिन्या दाखवतो आणि बाकीच्यांवर नुसता आवाज किंवा काळा पडदा देतो. टीव्ही जुना असेल तर लाल-पांढरी-पिवळी वायर लागेल, नवा असेल तर एचडीएमआय. घरावर बंद पडलेल्या डीटीएचची डिश असेल तर ती आणि तिची एलएनबी बहुतेक वेळा चालते, नवी दिशा द्यावी लागते एवढंच. त्या कंपनीचा डबा मात्र चालणार नाही. डिश भाड्याची होती का, तेही आधी पाहून घ्या.

गडचिरोली, वाशीमसारख्या आकांक्षित जिल्ह्यांसाठी आणि दुर्गम, आदिवासी भागासाठी केंद्राच्या २०२३ मधल्या ‘बाइंड’ योजनेत आठ लाखांवर फ्री डिश बॉक्स मोफत देण्याचं ठरलं होतं. विकत घेण्याआधी ग्रामपंचायतीत एकदा विचारून घ्या.

जागा

फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावर, ९३.५ अंश पूर्वेला आहे. नागपूरहून तो आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं मोजल्यास १४५ अंशांवर आणि क्षितिजापासून ६० अंश वर दिसतो. गडचिरोलीत १४५ आणि ६२, बुलडाण्यात १३८ आणि ५९. म्हणजे सगळ्या विदर्भात फरक फार नाही.

उपग्रह इतका वर असल्यामुळे मेळघाटात किंवा भामरागडला डोंगर सहसा आड येत नाही. आड येतं ते अंगणातलं झाड. आग्नेयेचा कडुनिंब डिशपेक्षा २० फूट उंच असेल तर त्याची फांदी निदान १२ फूट दूर हवी, १५ असली तर बरं. उन्हाळ्यात पानगळीत बसवलेली डिश पावसाळ्यात झाड भरलं की बंद पडते आणि दोष डब्याला लागतो. पुढच्या दोन वर्षांत झाड किती वाढेल ते धरूनच जागा निवडा.

कवेलूच्या किंवा टिनाच्या छपरावर डिश ठोकू नका. वाऱ्यानं छप्पर हलतं आणि एक-दोन अंशांनी दिशा चुकते, तेवढं पुरे. भिंतीला किंवा अंगणात दीड-दोन फूट खोल सिमेंटमध्ये पाइप गाडून त्यावर बसवा. पाइप ओळंब्यात असणं फार महत्त्वाचं आहे. पाइप तिरका असेल तर डिश फिरवताना उंचीचा कोनही बदलत जातो आणि तास-तास शोधूनही काही सापडत नाही. ओळंबा गवंड्याकडून मागून आणा. विजेच्या खांबाला किंवा तारांजवळ डिश कधीही लावू नका.

माकडांचाही विचार करा. ती एलएनबीच्या दांड्यावर बसतात, केबल ओढतात. केबल पाइपला दर फुटावर बांधा, लोंबती ठेवू नका. पाइपाला बाभळीच्या काट्या बांधण्याची जुनी युक्ती अजूनही चालते.

जोडणी आणि दिशा

कनेक्टर लावताना केबलचं बाहेरचं आवरण अर्धा इंच सोला, जाळी मागे दुमडा, मधली तांब्याची तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर राहील अशी कापा. जाळीचा एक धागा जरी मधल्या तारेला लागला तरी शॉर्ट होतो आणि एलएनबीला वीज मिळत नाही. बसवलेल्या दहा डिशांपैकी न चालणारी एक असेल तर आधी हेच तपासा. एलएनबीच्या टोकाला रबर टेप गुंडाळा आणि केबलला खाली एक वळसा सोडा, म्हणजे पाण्याचा थेंब कनेक्टरमध्ये न जाता वळशावरून खाली पडतो. केबलचे तुकडे जोडू नका, लागेल तेवढी सलग घ्या. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडच्या उन्हात हलक्या केबलचं आवरण दोन-तीन वर्षांत तडकतं, म्हणून उन्हातला भाग जुन्या पाण्याच्या पाइपातून घ्या.

डबा टीव्हीला जोडून चालू करा आणि मेनूत इन्स्टॉलेशनमध्ये जाऊन हे भरा:

१. उपग्रह: जीसॅट-१५ किंवा डीडी फ्री डिश.
२. एलएनबी: युनिव्हर्सल, ९७५०/१०६००. एलएनबी पॉवर चालू.
३. फ्रिक्वेन्सी ११०९०, सिम्बॉल रेट २९५००, पोलरायझेशन व्ही म्हणजे उभं.

पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील. एक ताकदीची, एक गुणवत्तेची, म्हणजे क्वालिटीची. ताकदीची पट्टी डिश कुठेही असली तरी भरलेली दिसते, तिच्याकडे लक्ष देऊ नका. तुम्हाला शोधायची आहे ती क्वालिटी.

आता एक माणूस डिशजवळ, एक टीव्हीसमोर, दोघं फोनवर. मोबाइलच्या होकायंत्रानं १४५ अंश पाहा, पण फोन टिनापासून आणि लोखंडी पाइपापासून चार-पाच फूट लांब धरून. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यात एक अंशाचाही फरक नाही, म्हणून आकडा आहे तसा वापरा. ब्रॅकेटवरच्या खुणेवर उंची ६० ला लावा. डिश डोळ्याला तेवढी वर पाहताना दिसणार नाही, बरीच उभी वाटेल. या डिशा ऑफसेट असतात, लाट वरून तिरकी येऊन डिशवर आदळते आणि खालच्या बाजूच्या एलएनबीवर पडते, म्हणून तसं दिसतं. खुणेवर विश्वास ठेवा.

मग डिश एका बोटाएवढी फिरवा आणि चार सेकंद थांबा. डब्याला सिग्नल पकडायला वेळ लागतो. सलग फिरवत राहिलात तर योग्य जागेवरून पुढे निघून जाल आणि कळणारही नाही. नवख्यांची सगळ्यात मोठी चूक हीच. काही सापडलं नाही तर उंची दोन अंश बदलून पुन्हा तीच फेरी.

शेजाऱ्याच्या डिशकडे पाहून दिशा लावायची असेल तर ती कुठल्या कंपनीची ते आधी विचारा. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंशांवर आहे, म्हणजे नागपूरहून जवळजवळ दक्षिणेला. फ्री डिश त्याच्या पंचवीसेक अंश डावीकडे, पूर्वेच्या बाजूला येते. डिश टीव्हीचा उपग्रह ९५ अंशांवर, म्हणजे अगदी लागून आहे. त्यांच्या डिशशेजारी समांतर लावली की फ्री डिश थोडीशीच उजवीकडे सापडते. सन डायरेक्टची डिशही ९३.५ कडेच असते, ती दिसली तर नक्कल करा.

क्वालिटी दिसू लागली की एलएनबी तिच्या पकडीत हळूहळू दोन्ही बाजूंनी फिरवून पाहा. विदर्भातून तिला साधारण ३० अंशांचा कल लागतो, आणि तो दिला की क्वालिटी दहा-पंधरा टक्के चढते. नट आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. एकच नट पूर्ण आवळला की डिश सरकते. शेवटी ऑटो स्कॅन करा. वाहिन्यांचा लिलाव वर्षाच्या बोलीनं होत असल्यामुळे एप्रिलमध्ये यादी बदलते. एखादी वाहिनी नाहीशी झाली तर डबा बिघडलेला नाही, पुन्हा स्कॅन करा.

काळा ढग आला की चित्र अडकतं, पाऊस सरला की येतं. या लहरींचं पावसाशी असंच असतं, त्यासाठी डिश हलवायला छपरावर चढू नका. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं चित्र जातं, तेही नैसर्गिक आहे. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो.

वीज कडाडण्याचे दिवस सुरू झाले की डब्यामागची केबल आणि सॉकेटमधला प्लग दोन्ही काढून ठेवायची सवय लावा, आणि ते ढग दूर असतानाच. डोक्यावर वीज कडाडत असताना केबलला हात लावणं जिवावर बेतू शकतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आधी सूचना देतं. लाइन वारंवार जाते तिथे १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा डबा घ्या, तो छोट्या बॅटरीवरही चालतो.

डीटीएच आणि केबल

एखादी विशिष्ट मालिका फ्री डिशवर नसेल तरच याकडे वळा. २०२४ पर्यंत वाहिन्या पोचवण्याच्या शुल्काला १३० रुपयांची मर्यादा होती, ती आता नाही. त्यावर वाहिन्यांचे पैसे आणि १८ टक्के जीएसटी. विकणाऱ्यानं सांगितलेला आकडा जीएसटीसह आहे का, एवढं विचारा, आणि मोठा पॅक न घेता हव्या त्या दोन-तीन वाहिन्या सुट्या मागा. सुट्या मागण्याचा हक्क तुम्हाला आहे.

ॲप घेण्याआधी रेंज आणि डेटा

पैसे भरण्याआधी रात्री नऊ वाजता, घरातल्या टीव्हीच्या जागी बसून, मोबाइलवर यूट्यूब ४८० च्या दर्जावर अर्धा तास चालवा. दुपारी चांगली असणारी रेंज रात्री गावभर लोक फोन घेऊन बसले की कोसळते. फिरतं चक्र दिसलं तर ॲपचे पैसे वाया जाणार.

डेटाचं गणित असं: साध्या चित्राला तासाला पाऊण जीबी, एचडीला तीन जीबीपर्यंत. रोज दीड जीबीच्या रिचार्जवर साध्या दर्जात दोन तास निघतात. त्याच फोनचा हॉटस्पॉट टीव्हीला दिला आणि टीव्हीनं आपोआप एचडी लावलं, तर अर्ध्या तासात दिवसाचा डेटा संपतो. ॲपच्या सेटिंगमध्ये दर्जा हातानं ‘लो’ किंवा ‘मीडियम’ करा. गावात फायबर किंवा एअरफायबर (घरासाठीचं बिनवायरचं इंटरनेट) असेल तर ही काळजी नाही, पण ५९९ चा प्लॅन जीएसटीसह ७०६ रुपये ८२ पैशांना पडतो, हे वर काढलेल्या हिशोबात मिळवा.

प्लॅनच्या नावातला ‘मोबाइल’ हा शब्द नीट वाचा. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा मोबाइल प्लॅन फोन किंवा टॅबवरच चालतो, टीव्हीवर लागत नाही. पाच माणसांच्या घरानं तो घेऊन उपयोग नाही. टीव्हीसाठी १९९ चा बेसिक लागतो. जिओहॉटस्टारच्या मोबाइल प्लॅनचंही तसंच. आयपीएलसाठी जिओहॉटस्टारचा प्लॅन घ्यायचा असेल तर आधी तुमच्या फोनच्या रिचार्जसोबत तो येतो का ते पाहा. अनेक पॅकमध्ये येतो, आणि लोक माहीत नसल्यानं वेगळे पैसे भरतात. टीव्हीचा प्लॅन तीन महिन्यांचा, स्पर्धेच्या आठवड्यातच घ्या. प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ ॲप नोव्हेंबर २०२४ पासून आहे, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या फुकट दिसतात. नेट चांगलं असेल तर आधी तेच लावा.

ऑटोपे

‘एक रुपयात महिनाभर’ अशी जाहिरात असते. एक रुपया भरताना यूपीआयच्या पडद्यावर खाली बारीक अक्षरात पुढची रक्कम आणि ‘दर महिना’ किंवा ‘दर वर्ष’ असं लिहिलेलं असतं. पिन टाकला की तुम्ही त्या पुढच्या रकमेला परवानगी दिलेली असते. मग जुलैत, पीक कर्जाच्या खात्यातून, पाचशे-हजार कापले जातात. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही. चोवीस तास आधी बँकेचा मेसेज येतो, पण इंग्रजीत आणि दहा जाहिरातींच्या मध्ये.

बंद करायचं असं. यूपीआय ॲपमध्ये आपल्या प्रोफाइलवर जा, ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ उघडा. चालू असलेल्या सगळ्या परवानग्यांची यादी दिसेल. नको ती निवडून रद्द करा, पिन टाका. मग त्या सिनेमा-मालिकांच्या ॲपमध्येही जाऊन वर्गणी रद्द करा. भरलेल्या मुदतीपर्यंत ॲप चालूच राहतं, म्हणून घेतल्या दिवशीच ऑटोपे बंद केलं तरी नुकसान नाही. ॲप फोनमधून नुसतं काढून टाकल्यानं कपात थांबत नाही. हे घरातल्या पोरांना आणि आजोबांना दोघांनाही सांगा. शक्य असेल तर वर्गणीसाठी वेगळं बचत खातं ठेवा आणि त्यात शे-दोनशे रुपयेच असू द्या. कर्जाचं आणि अनुदानाचं खातं यूपीआयला जोडूच नका.

‘वर्षभर सगळे ॲप फुकट’ म्हणून व्हॉट्सॲपवर फाइल आली तर उघडू नका. ती इन्स्टॉल केली की फोनचा ताबा दुसऱ्याकडे जातो. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० ला फोन लावा, मग बँकेत जा.